थेंब बंद केले तर नंबर परत येईल का?

"मॅडम, थेंब बंद केले आणि नंबर परत आला तर?" लेसरने चष्मा घालवलेल्यांकडून हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

ती 25 वर्षांची, पुण्यात आयटीत. उणे पाचचा नंबर, पीआरके (बुबुळाचा सगळ्यात वरचा थर काढून केलं जाणारं लेसर) झालेलं. स्टेरॉइडचे थेंब हळूहळू कमी करत तिसऱ्या महिन्यात बंद करायचे होते. पाचव्या महिन्यातही ती ते दिवसातून चारदा घालत होती, जुन्याच चिठ्ठीवर मेडिकलमधून आणून. सकाळी उठल्या उठल्या एकेक डोळा झाकून पलंगावरूनच कालनिर्णयवरची तिथी वाचायची. पुसट दिसली की पोटात गोळा, आणि लगेच थेंब.

"थेंबानंतर स्पष्ट दिसतं?"

"हो, लगेच."

या 'लगेच'पाशी मी थांबले. समजावण्याऐवजी भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. "टक लावून बघ. पापणी मिटू नकोस." थोड्या वेळाने अक्षरं विरघळली. "आता दोनदा मिट." तिने मिटली, पुन्हा पाहिलं. मी न सांगता तिने आणखी तीनदा केलं.

"स्वच्छ दिसतंय!"

"नंबर असता तर पापणी मिटून गेला असता?"

तो कोरडेपणा होता. लेसरनंतर काही महिने तो असतो, स्क्रीनसमोर वाढतो. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "बाबांनी पीएफ काढून पैसे दिलेत. वाया गेले तर?"

धीर देऊन भीती जात नाही, स्वतः पडताळून पाहिलं की सैल होते, ही माझी जुनी धारणा. त्या दिवशी आणखी एक कळलं: ती थेंब डोळ्यांत घालत होती, पण दुखणं बाबांच्या पैशांचं होतं.

मात्र थेंबांच्या बाबतीत गल्लत नको. स्टेरॉइड असतं जखम भरताना बुबुळावर धूसरपणा येऊ नये म्हणून. ते परस्पर लांबवलं तर डोळ्याचा दाब वाढू शकतो. बहुधा दुखत नाही, त्यामुळे कळतही नाही, आणि पुढे काचबिंदूची भीती. कोरडेपणाला कृत्रिम अश्रू वेगळे. काहींचा थोडा नंबर खरंच परततो. तेव्हा डॉक्टर कधी दाब उतरवणारं टिमोलॉल देतात, कारण लेसरने पातळ झालेलं बुबुळ आतल्या दाबाने किंचित पुढे येऊ शकतं. पण दमा असलेल्यांना ते घातक ठरू शकतं, म्हणून मैत्रिणीची बाटली वापरू नका. एका वेळी एकच थेंब पुरतो, दुसरा गालावर ओघळतो. दोन औषधांत पाच मिनिटं जाऊ द्या.

तिला त्याच दिवशी तिच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. दाब 26 निघाला. साधारण 21पर्यंत ठीक धरतात. थेंब त्यांच्या देखरेखीखाली बंद झाले, महिन्याभराने दाब 15. नंबर पाव (0.25), लेसरनंतरच्या सुरुवातीच्या तपासणीत होता तेवढाच.

कालनिर्णय आता स्वयंपाकघरात टांगलंय. बाबांशी पीएफबद्दल ती अजून बोललेली नाही. पुढच्या भेटीत तेच घेणार आहोत.