प्रकाशसंवेदी, प्रकाशप्रतिसादी की नुसतं 'वळणारं'?

कोथरूडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: "28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनासाठी नववीची मुलं तक्ते करताहेत. एका गटाचा विषय आहे, प्रकाश पडला की आकार बदलणारी पॉलिमर. बहुतेकांनी 'प्रकाशसंवेदी बहुवारिके' लिहिलंय, एकाने 'प्रकाश वळवणारे पॉलिमर'. बरोबर काय? आणि त्या पदार्थाची पट्टी वाकते म्हणायचं, वळते की आकसते?"

पॉलिमर म्हणजे छोटे रेणू साखळीसारखे जोडून बनलेला पदार्थ, प्लॅस्टिकसारखा. त्याला 'बहुवारिक' म्हणणं चुकीचं नाही, मराठी विश्वकोशात तोच शब्द आहे. मुलांनी हिंदीतला 'बहुलक' उचलला नाही, याबद्दल त्यांना माझ्याकडून एकेक बर्फी. पण पाषाणला एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, नोकरी केलेले आमचे एक शेजारी जन्मभर 'पॉलिमर'च म्हणत आले आणि कुणाचं काही अडलं नाही. तक्त्यावर तेच लिहा.

'प्रकाशसंवेदी' मात्र इथे अपुरा आहे. कॅमेऱ्याचा जुना रोल प्रकाशसंवेदी होता. संध्याकाळ झाली की रस्त्यावरचे दिवे लावणारा सेन्सरही प्रकाशसंवेदी. त्यांना प्रकाश कळतो, पण त्यांचं अंग जागचं हलत नाही. तुमच्या पॉलिमरची गंमत अशी की त्याला प्रकाशाची साद येते आणि ते अंगाने उत्तर देतं. म्हणून 'प्रकाशप्रतिसादी'. 'प्रतिसाद' हा नाटकाच्या जाहिरातीत रोज भेटणारा शब्द, मुलांना समजावून सांगावा लागणार नाही.

आता क्रियापद. त्यासाठी आत काय घडतं ते पाहावं लागेल. यातल्या बऱ्याच पॉलिमरांत अझोबेंझीन नावाचा रेणू गुंफलेला असतो. एरवी तो पाय पसरून बसलेला असतो, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत साधारण 0.9 नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग). त्याच्यावर 365 नॅनोमीटरच्या आसपासच्या तरंगलांबीचा अतिनील प्रकाश पडला की तो गुडघा दुमडतो आणि लांबी 0.55 वर येते. दृश्य प्रकाश, उदाहरणार्थ निळा, टाकला की पाय पुन्हा पसरतो. असे असंख्य रेणू एका दिशेने ओळीत बसवलेले असले, तर सगळे मिळून आपल्याबरोबर पॉलिमरच्या साखळ्याही ओढतात आणि तेवढा भाग आकसतो.

मग पट्टी नुसती आखूड न होता का वळते? गच्चीवर तांदळाचे पापड घातलेल्या कुणालाही हे माहीत आहे. वरची बाजू आधी वाळते, आकसते, आणि कडा वर उचलल्या जातात. मग आई ओरडते, "अगं, उलटून घाल ते!" अझोबेंझीनवाल्या पातळ फिल्ममध्येही अतिनील प्रकाश वरच्या मायक्रॉनभर (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या) थरातच जवळजवळ संपतो. वरचा थर आकसतो, खालचा होता तसाच राहतो, आणि फिल्म दिव्याकडे वळते. फरक एवढाच की पापडातलं पाणी गेलं ते गेलं. फिल्म मात्र दृश्य प्रकाशात पुन्हा सपाट होते.

म्हणजे 'आकसणे' हे कारण आणि 'वळणे' हा परिणाम. तक्त्यावर दोन्ही हवेत. 'वाकणे' मी टाळेन. फांदी आंब्यांच्या भाराने वाकते, पाठ वयाने वाकते. त्यात बाहेरचं ओझं आलं. वळण्यात दिशा असते, आपण डेक्कनवरून लकडी पुलाकडे वळतो तशी. आणि इथे दिशेलाच महत्त्व आहे. 2003 साली जपानी संशोधकांनी अशी एक फिल्म दाखवली, जी ध्रुवित प्रकाशाची, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाची, कंपनाची दिशा बदलली की वळायची दिशा बदलत होती.

कुणी 'प्रकाशानुवर्ती' सुचवेल. नको. प्रकाशानुवर्तन हे खिडकीतल्या रोपाचं काम, आणि रोप वळतं ते सावलीकडची बाजू जास्त वाढल्यामुळे. फिल्म वळते ती प्रकाशाकडची बाजू आकसल्यामुळे. शिवाय रेणू फिल्मच्या पातळीत आडवे न ठेवता उभे रचले, तर तीच फिल्म दिव्यापासून दूर वळते. तिला कसलं अनुवर्ती म्हणायचं?

एका मुलाने तक्त्यावर 'उन्हाने' असंही लिहिलं असेल, तर ते खोडण्याआधी थांबा. मराठीत ऊन म्हणजे प्रकाशही आणि ऊबही. 'ऊन ऊन भात' आपण उगाच म्हणत नाही. अझोबेंझीनच्या फिल्मला हा शब्द चालणार नाही, कारण तिथे काम रेणूच्या दुमडण्याचं आहे, तापण्याचं नाही. पण दुसऱ्या जातीची पॉलिमर आहेत, ज्यांत कार्बन नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) किंवा सोन्याचे नॅनोकण मिसळलेले असतात. ते प्रकाश शोषून तापतात आणि त्या उष्णतेने पॉलिमर आकार बदलतं. त्यांना 'उन्हाने वळणारं' म्हटलं तर मी तरी हरकत घेणार नाही. 'उजेड' मात्र दोन्हीकडे बेताचाच. ज्यात दिसतं तो उजेड, आणि अतिनील तर डोळ्यांना दिसतच नाही.

'आकार'ही जरा जपून. इथे तो घडणीच्या अर्थाने आहे, आकारमानाच्या नाही. वीजबिलात दर महिन्याला 'स्थिर आकार' येतो, त्याच्यावर कुठल्याही प्रकाशाचा परिणाम झाल्याचं मी पाहिलेलं नाही.

तेव्हा तक्त्याचं शीर्षक 'प्रकाशाने वळणारे पॉलिमर', आणि खाली बारीक अक्षरात 'प्रकाशप्रतिसादी'. ज्याने 'प्रकाश वळवणारे' लिहिलं त्याला फार बोलू नका. एक 'ने' गाळला आणि एक 'व' जास्त घातला, एवढंच. पण त्याने लिहिलेला पदार्थही खरा आहे. तुमच्या चष्म्याला प्लॅस्टिकची भिंगं असतील, तर तो तुमच्या नाकावरच आहे.