लस घेतली नाही म्हणून प्रत्यारोपणाच्या यादीत नाव अडकवून ठेवणं न्याय्य आहे का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. मावसभाऊ दोन वर्षं डायलिसिसवर आहे. हिपॅटायटिस बी (यकृताचा विषाणू) आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाच्या जंतूची) लस घ्यायला तो तयार नाही, म्हणून केंद्राने प्रतीक्षायादीत त्याचं नाव 'निष्क्रिय' करून ठेवलंय, म्हणजे नाव यादीत आहे पण तूर्त त्याला किडनी मिळणार नाही. आणि तुमचा सवाल, की दारू पिऊन यकृताची वाट लावलेल्याला नवं यकृत मिळतं, मग सुईला नाही म्हणणाऱ्याला किडनी का नाही?

मी डॉक्टर नाही. चार वर्षं डायलिसिस करून मग मेंदूमृत दात्याची किडनी मिळालेला रुग्ण आहे. तेव्हा माझा कल कुणीकडे असणार ते उघड आहे, ते धरून पुढचं वाचा.

आधी लसीचा संबंध काय ते बघू, कारण निम्मी भांडणं तो न कळल्यामुळे होतात. माझ्या फोनवर सकाळी आठ आणि रात्री आठ असे दोन गजर आहेत. टॅक्रोलिमस दर बारा तासांनी घ्यायचं, त्यात चालढकल चालत नाही. सोबत मायकोफेनोलेट आणि थोडं प्रेडनिसोलोन. ही तिन्ही औषधं एकच काम करतात, शरीराचा पहारा ढिला ठेवतात. पहारेकरी पूर्ण जागा असेल तर तो नव्या किडनीलाच चोर समजून झोडपेल, त्यालाच रिजेक्शन म्हणतात. पण हाच पहारेकरी जंतूंनाही अडवत असतो. त्याला गुंगी दिली की दोन्ही कामं थंडावतात. म्हणून गुंगी देण्याआधी त्याला चोरांचे चेहरे नीट दाखवून ठेवायचे, एवढाच लसीचा उद्देश.

आणि हे आधीच करावं लागतं, नंतर जमत नाही. गोवर आणि कांजिण्यांच्या लसींत जिवंत, दुबळे केलेले विषाणू असतात. त्या प्रत्यारोपणानंतर सहसा देत नाहीत, आणि आधी दिल्या तरी शस्त्रक्रियेपर्यंत निदान चार आठवडे जावे लागतात. बाकीच्या लसी नंतर देता येतात, पण तितक्या अंगी लागत नाहीत. 2021 साली जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी अवयव मिळालेल्या रुग्णांत कोविडच्या एमआरएनए लसीचा परिणाम तपासला. पहिल्या डोसनंतर फक्त 17 टक्क्यांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या, दुसऱ्यानंतर 54 टक्क्यांच्या. धडधाकट माणसांत हाच आकडा जवळजवळ शंभर असतो. मेंदूमृत दाता मिळाल्याचा फोन रात्री दोनला येतो आणि काही तासांत तुम्ही टेबलावर असता. तेव्हा "बरं, आता द्या लस" म्हणायला वेळच नसतो.

हिपॅटायटिस बी बद्दल जरा जास्त लिहितो, कारण तुमच्या भावाचं घोडं तिथेच अडलंय. डायलिसिसवर आपलं रक्त आठवड्यातून तीनदा अंगाबाहेर जाऊन परत येतं, आणि त्याच खोलीत आणखी दहा-बारा जणांचंही. हा विषाणू रक्तातून पसरतो आणि फार चिवट आहे, नुसत्या पुसलेल्या पृष्ठभागावरही दिवसेंदिवस तग धरतो. म्हणून ज्यांना ही लागण आहे त्यांचं मशीन वेगळं ठेवतात. किडनी निकामी झाली की प्रतिकारशक्ती आधीच मंदावते, त्यामुळे आम्हाला नेहमीच्या दुप्पट मात्रेचे डोस द्यावे लागतात. माझ्या डाव्या हातात फिस्ट्युला होता, म्हणजे डायलिसिससाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, त्या हाताला ना बीपीचा पट्टा, ना सुई. सगळे डोस उजव्या दंडात. चार डोस झाल्यावर टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटिबॉडींचं प्रमाण, तपासलं तर सुरक्षित पातळी मानतात त्या 10 च्याही खाली. पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा मीही चिडलो होतो. पण प्रत्यारोपणानंतर पहारा ढिला असताना हा विषाणू यकृतात ठाण मांडून बसला, तर किडनी वाचून माणूस जायचा. शिवाय ही लस शेजारच्या खुर्चीवरच्यासाठीही असते, हे भावाला सांगून बघा.

आता न्यायाचं. सगळ्यांना पुरतील एवढे अवयव नाहीत. तुमच्या भावाला मिळणारी किडनी त्याला मिळाली नाही तर कचऱ्यात जात नाही, यादीतल्या पुढच्या माणसाला मिळते. म्हणून ती जास्तीत जास्त वर्षं टिकेल असं बघणं हा पुढच्या माणसाचाही हक्क आहे. लसीच्या अटीमागचा मुख्य युक्तिवाद हाच आणि तो मला पटतो.

पण हा युक्तिवाद निसरडाही आहे. "अवयव वाया जाऊ नये" म्हणता म्हणता "अवयव नालायकाला जाऊ नये" कधी म्हणायला लागतो ते कळत नाही. अमेरिकेतल्या सिएटलमध्ये हे घडलंय. 1960 साली बेल्डिंग स्क्रिब्नर या डॉक्टरांनी शंट, म्हणजे रुग्णाच्या हातात कायम बसवून ठेवायची नळी, तयार केला आणि एकाच माणसाचं डायलिसिस वर्षानुवर्षं करणं शक्य झालं. मशीनं मोजकी, रुग्ण ढीगभर. म्हणून सात जणांची समिती बसली, बहुतेक साधे नागरिक. आधी डॉक्टर वैद्यकीय निकषांवर चाळणी लावायचे आणि उरलेल्यांतून ही समिती निवड करायची. नोकरी काय, मिळकत किती, लग्न झालंय का, चर्चमध्ये जातो का, असलं सगळं बघून. ते बाहेर आल्यावर लोक हादरले. समितीतली माणसं दुष्ट नव्हती. त्यांच्या हातात दुसरी फूटपट्टी नव्हती म्हणून त्यांनी आपल्यासारखा दिसेल तो लायक ठरवला.

तुमच्या दारूच्या मुद्द्याचं उत्तर इथेच आहे. पुष्कळ केंद्रांत वर्षानुवर्षं नियम होता की सहा महिने दारू सोडल्याशिवाय यकृत मिळणार नाही. कारण वैद्यकीय सांगायचे, आणि काही अंशी ते खरंही होतं, कधी कधी नुसती दारू थांबवूनही यकृत सावरतं. पण तीव्र अल्कोहोलिक हिपॅटायटिसचा (दारूने यकृताला आलेल्या सुजेचा), औषधांना दाद न देणारा रुग्ण बहुतेकदा सहा महिने जगतच नाही. 2011 साली फ्रान्स आणि बेल्जियममधल्या डॉक्टरांनी अशा निवडक 26 जणांना वाट न बघता यकृत दिलं. सहा महिन्यांनी त्यातले 77 टक्के जिवंत होते, न दिलेल्या तशाच रुग्णांत 23 टक्के. त्यानंतर सहा महिन्यांचा दगडी नियम बऱ्याच ठिकाणी ढिला झाला. म्हणजे दारुड्याला यकृत "मिळतं" ते लाड म्हणून नव्हे. वैद्यकीय म्हणवणाऱ्या नियमात किती भाग पुराव्याचा आणि किती रागाचा, हे कुणीतरी तपासलं म्हणून. लसीचा नियमही त्याच चाळणीतून जायला हवा. लस न घेणाऱ्याचा राग येतो म्हणून त्याला खाली ढकलायचं, हे मला सिएटलच्या समितीइतकंच चूक वाटतं.

ही चाळणी लावली की सगळ्या लसी एका रांगेत बसत नाहीत. हिपॅटायटिस बी, न्यूमोकोकल, कांजिण्या यांचा दशकांचा अनुभव आहे. कोविडचं गणित काळाबरोबर बदललं. 2020 मध्ये साथ सुरू झाली तेव्हा अवयव मिळालेल्या आणि कोविडने इस्पितळात दाखल झालेल्या रुग्णांपैकी साधारण दर पाचातला एक महिन्याभरात दगावत होता. तेव्हा अट घालणं समजू शकतं. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात प्रत्यारोपणाची गरज असलेली एक स्त्री ही अट मान्य नाही म्हणून कोर्टात गेली. 2022 मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने सांगितलं की हा डॉक्टरांचा वैद्यकीय निर्णय आहे, त्याला कॅनडाच्या राज्यघटनेतल्या सनदेने दिलेल्या हक्कांच्या कसोटीवर तपासता येणार नाही. 2023 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने तिचं अपील ऐकायला नकार दिला आणि त्याच वर्षी ती वारली. निकाल कायद्याला धरून असेलही. पण विषाणू बदलला, बहुतेकांना लागण होऊन गेली, तशी अनेक केंद्रांनी ती अट सैल केली. नियम तोच राहिला आणि त्याचं कारण निघून गेलं, असं होऊ नये यासाठी नियमांचा फेरविचार ठरावीक काळाने व्हायला हवा. कोर्टात जाऊन ते होत नाही.

जिवंत दात्याच्या बाबतीत तर गणित आणखी फिरतं. बहीण भावाला स्वतःची किडनी देत असेल तर ती किडनी यादीतल्या कुणाच्या वाट्याची नव्हतीच. तिथे "दुसऱ्याचा हक्क" हा मुद्दा गळून पडतो. उरतं ते एवढंच, की बहिणीने पोट चिरून घेतलंय आणि ते फुकट जाऊ नये. ते ठरवण्यात बहिणीलाही तोंड असावं असं माझं मत आहे. तुमच्याकडे असा दाता असेल तर केंद्राला हे वेगळं विचारा.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र मी दोन्ही बाजूंनी अडकतो. लस नाकारतात आईबाप आणि यादीत अडकतं लेकरू. त्याला शिक्षा देऊ नये म्हणावं, तर लस न देता प्रत्यारोपण केल्यावर गोवराशी तेच झुंजणार. यकृताची गरज असलेल्या बाळांना गोवराची लस सहा महिन्यांच्या वयापासूनही देता येते, इतकी ती आधी टोचण्याला किंमत आहे. अशा आईबापांशी डॉक्टरांनी चारदा, दहादा बोलावं, याखेरीज मला उत्तर सापडलेलं नाही.

एक तक्रार माझीही आहे. वर्षभर मी समजत होतो की मी यादीत आहे. एकदा तपासणीला गेलो तेव्हा कोऑर्डिनेटर सहज बोलून गेली, "तुमचं नाव तीन महिन्यांपासून निष्क्रिय आहे, कांजिण्यांचा कागद नाही ना." कुणी फोन केला नव्हता, पत्र नव्हतं. कांजिण्या मला लहानपणी येऊन गेल्या होत्या, पण तसा कागद पन्नाशीच्या माणसाकडे कुठून असणार? शेवटी रक्त तपासलं, अँटिबॉडी भरपूर निघाल्या आणि आठवड्यात नाव पुन्हा सक्रिय झालं. त्या तीन महिन्यांत माझ्या रक्तगटाची किडनी आली होती का, मला कधीच कळणार नाही. नियमात चूक नव्हती, पण मला न सांगणं ही चूक होती. ज्याला दर महिन्याला लांबून यावं लागतं, ज्याला फॉर्म वाचता येत नाही, त्याच्या वाट्याला हे जास्त येत असणार.

म्हणून भावासाठी आधी हे करा. नाव नेमकं कशामुळे थांबवलंय ते लेखी मागा, काय पूर्ण केलं की सुरू होईल तेही. निष्क्रिय असताना प्रतीक्षेचा काळ मोजला जातो की थांबतो ते विचारा. अमेरिकेत किडनीच्या यादीत तो मोजला जात राहतो, सगळीकडे तसंच असेल असं नाही. ॲलर्जीसारखं खरं वैद्यकीय कारण असेल तर सूट मिळण्याची पद्धत काय, तेही. आणि तो नाही का म्हणतोय ते त्याला एकट्याला गाठून विचारा. माझ्या शेजारच्या खुर्चीवरचे एक गृहस्थ असेच वर्षभर लसीला नाही म्हणत होते. आम्ही सगळे समजायचो की काहीतरी वाचून डोक्यात भरवून घेतलंय. एक दिवस नर्सने स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसून विचारलं, तेव्हा कळलं की दंडात सुई टोचली की फिस्ट्युला बंद पडतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तिने दुसऱ्या हाताकडे बोट दाखवलं. त्याच दिवशी त्यांनी पहिला डोस घेतला.