साइटेशनमधलं जादा ‘आर.’ हाताने खोडू नका

तुम्ही लिहिलंय की साइटेशनमध्ये, म्हणजे मजकुरात कंसात येणाऱ्या संदर्भात, एपीए स्टाइलने (संदर्भ देण्याची एक ठरलेली पद्धत) (देशमुख, २०१८) ऐवजी (आर. देशमुख, २०१८) येतंय, एकच लेख कुठे २०१८ए तर कुठे २०१८बी दिसतोय, काही ठिकाणचं ‘आर.’ तुम्ही हाताने खोडलंय आणि झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर पुन्हा इन्स्टॉल करूनही फरक पडलेला नाही. या घोळात मीही अडकलो होतो, म्हणून सविस्तर लिहितोय.

स्टाइल बिघडलेली नाही. आडनाव सारखं आणि नाव वेगळं असेल, तर एपीएच्या नियमाने इनिशियल (नावाचं आद्याक्षर) लागतं. तुमच्या झोटेरो लायब्ररीत (जमवलेल्या संदर्भांच्या यादीत) एका एन्ट्रीत ‘देशमुख, रमेश’ आणि दुसरीत ‘देशमुख, आर. व्ही.’ असणार, आणि झोटेरोच्या लेखी ती दोन माणसं आहेत. संदर्भसूचीत शेजारशेजारच्या ओळी पाहा, फरक तिथेच सापडेल. माणूस एकच असेल तर सगळ्या एन्ट्रींत नाव अक्षरशः सारखं करा आणि वर्डमध्ये रिफ्रेश दाबा. खरोखर दोन देशमुख असतील तर ‘आर.’ राहू द्या, ते बरोबर आहे.

ए-बी येतं ते डुप्लिकेटमुळे. झोटेरोच्या ‘डुप्लिकेट आयटम्स’मध्ये जाऊन दोन्ही प्रती मर्ज (एकत्र) करा. एक प्रत डिलीट करू नका. मर्ज केलं तर जुन्या साइटेशनची जोडणी टिकते, डिलीट केलं तर तुटते. एक प्रत माय लायब्ररीत आणि दुसरी ग्रुप लायब्ररीत (गटाच्या सामायिक यादीत) असेल, तर ती जोडी डुप्लिकेट म्हणून दिसतच नाही. तेव्हा त्या लेखाचं प्रत्येक साइटेशन उघडून एकाच लायब्ररीतली प्रत घाला. शोधताना वरती ‘साइटेड’ या शीर्षकाखाली जुनीच प्रत पुढे येते, घाईत तीच निवडली जाते. खाली लायब्ररीचं नाव बघून निवडा.

आता खरं नुकसान कशाने होतं ते. संदर्भ तपासणाऱ्या कार्यालयातून ‘साइटेशन एकसारखी नाहीत’ एवढाच शेरा येतो. पान नाही, ओळ नाही. विद्यार्थ्याचे आठवडे जातात यात, आणि मला याचा अजूनही संताप येतो. मग माणूस वर्डमध्ये खोडाखोड करतो. पुढच्या रिफ्रेशला झोटेरो विचारतो, हा बदल कायम ठेवायचा का? तिथे ‘येस’ दाबलं की ते साइटेशन गोठलं. लायब्ररीत नाव सुधारा, स्टाइल बदला, ते जागचं हलत नाही. तुमच्याकडे काही ठिकाणी ‘आर.’ आहे आणि काही ठिकाणी नाही, ते बहुतेक यामुळेच.

अशी गोठलेली साइटेशन नजरेने शोधू नका. आधी फाइलची प्रत काढा. विंडोजवरच्या वर्डमध्ये ऑल्ट आणि एफ९ दाबा; प्रत्येक साइटेशनच्या जागी ‘अ‍ॅडइन झोटेरो’ने सुरू होणारा लांबलचक कोड दिसेल. त्यात ‘डोन्टअपडेट’ हा शब्द शोधा, इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता. जिथे सापडेल ते साइटेशन गोठलेलं. जागा टिपून घ्या, पुन्हा ऑल्ट-एफ९ दाबून कोड लपवा, त्या साइटेशनवर कर्सर ठेवून अ‍ॅड/एडिट साइटेशन उघडा. हाताने केलेला बदल पुसला जाईल अशी सूचना येईल, ती मान्य करा. (आवृत्तीनुसार शब्द थोडे वेगळे दिसतील.)

वाक्यात ‘देशमुख (२०१८) यांच्या मते’ असं हवं असेल तरीही खोडाखोड नको. अ‍ॅड/एडिट साइटेशन उघडून त्यातल्या संदर्भाच्या बबलवर क्लिक करून ‘ओमिट ऑथर’वर खूण करा आणि आडनाव स्वतः टाइप करा. पान क्रमांकही तिथल्याच चौकटीत भरा.

संस्था लेखक असेल आणि साइटेशनमध्ये नावाचा शेवटचा शब्दच येत असेल, तर लेखकाच्या रकान्याशेजारचं बटण दाबून नाव एकाच फील्डमध्ये घ्या. एन्डनोट या दुसऱ्या संदर्भ-सॉफ्टवेअरमध्ये यासाठी संस्थेच्या नावाच्या शेवटी स्वल्पविराम देतात.

आणि ‘अनलिंक साइटेशन्स’ फक्त सादर करायच्या प्रतीवर वापरा. मूळ फाइलवर दाबलंत तर सगळी साइटेशन साधा मजकूर होऊन बसतील.