बाबांवर लिहायचं आहे, पण ‘कुटुंबवत्सल होते, घरासाठी झिजले’ यापुढे काही सुचत नाही. काय लिहू?

‘झिजले’ हा शब्द आधी खोडा. बाकीचं नंतर बोलू.

तुम्ही लिहिलंय की वडिलांना जाऊन वर्ष होत आलं, सगळ्यांसमोर पाच मिनिटं बोलायचं आहे आणि तेच लिहून मुलांसाठी ठेवायचं आहे. आईला विचारलं की ती रडते म्हणून विचारत नाही, हेही लिहिलंय. मी इथे सहसा नुसती वाचते. तो एक शब्द वाचला आणि राहवलं नाही.

माझे बाबा गेले तेव्हा स्मरणसभेत दादा बोलला. तो फार छान बोलतो. ‘बाबांनी आमच्यासाठी बढती नाकारली, स्वतःचं आयुष्य आमच्यावरून ओवाळून टाकलं,’ असं म्हणाला. लोकांनी डोळे पुसले. मी खाली मान घालून बसले होते आणि आतून नुसती धुमसत होते. त्या एका वाक्यात माझे बाबा बिचारे झाले आणि आम्ही दोघं त्यांचे देणेकरी. घरी आल्यावर मी दादाला तसं म्हटलं. तो म्हणाला, त्याग म्हटलं तर त्यांचा मोठेपणाच दिसतो ना, तुला त्यात काय खटकतं? यावर आम्ही तीन वर्षं भांडलोय. मध्यंतरी काही महिने बोलणंही बंद होतं.

मग बाबांच्या कपाटात एक वही सापडली. पाठकोरी, पुठ्ठा सुटलेली. त्यात घरातल्या आजारपणांच्या नोंदी होत्या, बाकी काही नाही. माझ्या एका तापाचं पान असं आहे: ‘रात्री 1.10, 103.2 (काखेत). पट्ट्या. 1.45, 102.8. पाणी 4 चमचे. 2.30, 102. झोपली.’ पुढे एका ओळीत फक्त ‘झोपली आहे’ असं पुन्हा. वेळ 2.50. म्हणजे वीस मिनिटांनी परत येऊन बघितलं आणि तेही लिहून ठेवलं. काखेत तापमान तोंडातल्यापेक्षा अर्धा-एक अंश कमी भरतं, म्हणून कंसात तेवढं न चुकता लिहिलेलं. पानाचा कोपरा पट्ट्यांच्या पाण्याने फुगलेला आहे. बॉलपेनची शाई तेलकट असते म्हणून अक्षरं वाचली, शाईपेन असतं तर सगळं पसरलं असतं.

ते पान वाचताना मला थर्मामीटर झटकणारा त्यांचा हात दिसला. मनगटातून तीन झटके, मग दिव्याकडे तिरपा धरून वाचायचं. माझ्या मुलीला हे मला करून दाखवावं लागलं. पाऱ्याच्या नळीत एक चिमटलेली जागा असते, त्यामुळे चढलेला पारा आपोआप खाली येत नाही, झटकूनच उतरवावा लागतो. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी देशांनी केलेल्या मिनामाता करारानुसार 2020 नंतर असे थर्मामीटर बनवायचेच नाहीत असं ठरलं. तिने तो कधी हातात धरलेला नाही. तुमच्याही वडिलांची अशी एखादी कृती असेलच, जिचं साधनच आता घरात नाही. ती नीट उलगडून लिहा, मुलांना कळेल असं गृहीत धरू नका.

त्याच वहीत एका पानावर बढतीचीही नोंद आहे. ‘नकार कळवला. 6 ला घरी.’ खाली लगेच माझी उंची, आधीच्या वेळेपेक्षा 2 सेंमी जास्त, आणि शेजारी बरोबरची खूण. मी ते पान दादासमोर ठेवलं. म्हटलं, आयुष्य ओवाळून टाकणारा माणूस त्याच दिवशी संध्याकाळी हे लिहील का? दादा म्हणाला, ते मनातलं लिहिणारे नव्हतेच, यावरून काहीच सिद्ध होत नाही. खरं सांगायचं तर तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

उलट दादानेच वही नीट बघितली आणि मला दाखवलं की तापाच्या पानांवर पहाटे तीननंतरचं अक्षर बाबांचं नाही. ते आईचं आहे. इतकी वर्षं मी ‘बाबा रात्रभर जागायचे’ असं सगळ्यांना सांगत आले होते. ते दोघं पाळ्या लावून जागायचे. माझ्या गोष्टीतून आई गळून पडली होती आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. फ्रेडरिक बार्टलेट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1932 मध्ये दाखवलं होतं की एकच गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा सांगत गेला की ती आखूड होत जाते आणि सांगणाऱ्याच्या समजुतीत बसेल अशी वळते. दादाच्या गोष्टीचं तेच झालं होतं, माझ्याही. म्हणून लिहायच्या आधी काहीतरी कागद शोधा. डायरी, पावत्या, औषधाच्या चिठ्ठ्या, फोटोंच्या मागचं अक्षर. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो मात्र ओढून काढू नका, फाटतात. पानासकट मोबाइलवर फोटो घ्या.

आणि आईला विचारा. ती रडेल. माझी आईही रडली. ‘बाबा कसे होते’ असं विचारलं की रडूच येणार, त्याला दुसरं उत्तर नाही. मी वही तिच्या हातात दिली आणि विचारलं, हे कुणाचं अक्षर? मग ती दीड तास बोलली. फोन एअरप्लेन मोडवर टाकून रेकॉर्डिंग लावा, मध्ये कुणाचा कॉल नको. फाइल दोन ठिकाणी ठेवा. बढतीचं मी विचारलं तेव्हा आई म्हणाली, ‘मीच म्हटलं होतं घ्या म्हणून, मी सांभाळते मुलांना. तर म्हणाले, अगं मला संध्याकाळी घरी यायला आवडतं. ते दार उघडायला दोघं धावतात ना, ते मला कुठे मिळणार.’

हे मी दादाला ऐकवलं. त्याने दोनदा ऐकलं. ‘मला कधी बोलले नाहीत असं,’ एवढंच म्हणाला आणि बाहेर गेला. ‘ओवाळून टाकलं’ हा शब्द मात्र त्यानंतर त्याने वापरलेला नाही.

म्हणून सांगते, वडिलांनी काय सोडलं याची यादी करू नका. त्यांना घरात काय आवडायचं ते लिहा. त्यांचं चुकलेलंही लिहा. माझे बाबा निकालाच्या दिवशी फार तोडून बोलायचे, तेही मी लिहिलंय. अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना घराच्या इतिहासाबद्दल वीस प्रश्न विचारले होते, आईवडील कसे भेटले वगैरे. ज्या मुलांना जास्त ठाऊक होतं त्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त आढळला. नुसत्या माहितीने तसं होतं असं तेही म्हणत नाहीत, ती सांगायला घरात कुणीतरी बसलेलं असतं हे महत्त्वाचं. तेव्हा लेख लिहून कपाटात ठेवू नका, मुलांना जवळ घेऊन वाचून दाखवा.

हे सगळं मी माझ्या घरावरून बोलतेय. काही वडील खरंच मन मारून जगलेले असतात, तुमचे तसे असतील तर तसं लिहा, माझा शब्द प्रमाण मानू नका. आई फार थकलेली असेल तर वर्षपूर्तीच्या आत विचारलंच पाहिजे असंही नाही. आणि पाच मिनिटं बोलायला पाच-सहाशे शब्द भरपूर होतात, त्यात एकच प्रसंग मावतो. दुसरा घुसवू नका.

त्यांच्या हस्ताक्षरातलं काही सापडलं तर इथे कळवा. मी वाट बघेन.