इंजिन उघडण्याआधी

प्रश्न : सर, माझी मुलगी आठवीत आहे. जळगावला बुद्धिबळाची स्पर्धा असली की मीच तिला घेऊन जाते. सोंगट्या कशा चालतात तेवढं मला येतं, त्यापुढचं नाही. मागच्या स्पर्धेत शेवटच्या फेरीत ती एका प्याद्याने पुढे होती, तरी डाव बरोबरीत सुटला. गाडीत बसल्या बसल्या तिने मोबाइलवर इंजिन, म्हणजे डाव तपासून बरोबर चाल सांगणारा प्रोग्रॅम, लावलं, "कळलं कुठे चुकलं ते" म्हणाली आणि अमळनेर येईपर्यंत झोपली. पण हे आधीही झालंय. चूक कळते, तर परत परत होते कशी? स्कोअरशीटचा, म्हणजे तिने चाली लिहिलेल्या कागदाचा, फोटो सोबत पाठवते आहे.
– एक आई, अमळनेर

उत्तर : ताई, डाव पटावर मांडून पाहिला. मुलगी चांगली खेळते. मधल्या खेळात तिने प्यादं कमावलं ते समोरच्याच्या गाफीलपणामुळे नाही, स्वतःच्या हिशेबाने. शेवटी हत्तीला हत्ती मारून घेतला, तेही बरोबरच होतं. हे तिला आवर्जून सांगा, कारण बहुतेक ती त्याबद्दलच स्वतःला बोल लावत असेल.

हत्ती गेल्यावर तिचा पांढरा राजा डी३वर, प्यादं ई२वर आणि समोर काळा राजा एकटा, ई६वर (अक्षर म्हणजे उभी रांग, अंक म्हणजे आडवी). चाल तिची. हा डाव पांढऱ्याने जिंकलेलाच आहे. राजा ई४वर नेला की समोरच्या राजाला वाट सोडावी लागते. प्यादं मागे थांबलेलं असल्यामुळे गरजेच्या वेळी एक चाल शिल्लकही राहते. तिने प्यादं ई३ला ढकललं, काळा राजा ई५वर येऊन उभा राहिला आणि जिंकणं तिथेच संपलं.

इंजिनने तिला "राजा ई४" दाखवलं आणि ते तिला खरोखर कळलं. पण ई३ का सुचलं, हे इंजिनला कसं ठाऊक असणार? ते फक्त तिच्या डोक्यात होतं, आणि उत्तर दिसल्याबरोबर पुसलं गेलं. माझा अंदाज, तिच्या मनात असणार की प्यादं लवकर पळवलं की लवकर वजीर होतो. हा समज जागचा हलला नाही तर पुढच्या वेळी प्यादं सी२वर असेल आणि ती पुन्हा तेच करेल.

म्हणून इंजिन दुसऱ्या दिवशी. स्पर्धेच्या दिवशी घरी आल्यावर पट मांडायचा, डाव पहिल्यापासून खेळायचा, आणि जिथे डाव फिरला असं तिला वाटतं तिथे तुम्ही विचारायचं : इथे तू काय बघत होतीस? दुसरं काय खेळायचा विचार होता? घरी अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच विचारा, पोरं मोकळी होतात. तिचं उत्तर तिच्याच शब्दांत वहीत उतरवा. तुम्हाला खेळ येत नाही, हे इथे फार कामाचं आहे. जाणकार पालक मुलाचं ऐकून घेण्याआधीच चाल सांगून मोकळे होतात. भुसावळला माझ्या वर्गात मी हे दर रविवारी बघतो.

डाव चालू असताना विचार टिपून ठेवायला नियमाने बंदी आहे, पण चालीशेजारी घड्याळातली वेळ लिहिता येते. ती लिहायची सवय लावा. ई३ विचार करून खेळली की हात आपोआप गेला, हे वेळेवरून लगेच कळतं.

हुकलेली संधी याहून अवघड, कारण ती खुपत नाही. २०१४ची मॅग्नस कार्लसन आणि विश्वनाथन आनंद यांची जगज्जेतेपदाची लढत, रशियातलं सोची, सहावा डाव, तोवर गुण समसमान. कार्लसनने २६व्या चालीला राजा डी२वर नेला, ही ढळढळीत चूक होती. आनंदने घोड्याने ई५वरचं प्यादं मारलं असतं तर मागचा हत्ती मोकळा होऊन दोन प्यादी पदरात पडत होती. आनंदने आपल्याच बेताप्रमाणे प्यादं ए४ला सरकवलं. कार्लसनने तो डाव जिंकला. आनंदसारख्या पाच वेळच्या जगज्जेत्याच्या नजरेतून अशी चाल सुटते, कारण त्या क्षणी समोरचा चुकेल असं मनात नसतं. तुमच्या मुलीच्या डावातही २० ते २५ चालींच्या दरम्यान समोरच्याने एक सोंगटी बिनजोर सोडली होती. कुठली ते मी मुद्दाम लिहीत नाही. तिला शोधू द्या, आणि सापडल्यावर विचारा की तेव्हा नजर कुठे होती.

आता तो शेवट. पटावर तीनच सोंगट्या मांडा, पांढरी बाजू तिची, काळा राजा तुमचा. राजा चालवता येतो ना, मग झालं. तिच्या राजाच्या बरोबर समोर, मध्ये एक घर सोडून उभं राहायचा प्रयत्न करा. ती दर वेळी जिंकू लागली की प्यादं सी२वर, मग एफ२वर ठेवा, राजेही तेवढेच सरकवा. मग बाजू बदला. बरोबरी कशी राखतात तेही तिच्या हाताला कळू द्या. पुढच्या स्पर्धेची स्कोअरशीट वेळांसकट पाठवा.