एनकर्सेसमध्ये (टर्मिनलवर मजकुराच्या विंडो काढणारी सी लायब्ररी) पॉपअप विंडो डिलीट केली तरी तिची चौकट स्क्रीनवर का राहते?

कारण डेलविन (विंडो डिलीट करणारं फंक्शन) फक्त विंडोची मेमरी मोकळी करतं, स्क्रीनवर उमटलेलं चित्र पुसत नाही. त्याच्या मॅन्युअल पेजमध्येच तसं स्पष्ट लिहिलं आहे. पॉपअपच्या खालच्या विंडोवर तुम्ही साधं रिफ्रेश मारता तेव्हाही काही होत नाही, कारण तिच्या हिशोबाने तिच्यातलं एकही अक्षर बदललेलं नसतं आणि एनकर्सेस फक्त बदललेल्या ओळी पाठवतं. एकच पॉपअप असेल तर खालच्या विंडोवर आधी टचविन (सगळ्या ओळी बदलल्या असं समजायला लावतं) आणि मग डब्ल्यूरिफ्रेश करा, चौकट जाईल. पण मेनूवर डायलॉग, डायलॉगवर एरर मेसेज असे थर चढत असतील तर हा हिशोब हाताने ठेवूच नका. एनकर्सेससोबतच येणारी पॅनल लायब्ररी नेमकी यासाठी आहे:

- प्रत्येक विंडोसाठी न्यू_पॅनल
- पॉपअप लपवायला हाइड_पॅनल, कायमचा काढायला डेल_पॅनल. विंडोचं डेलविन त्यानंतर
- प्रत्येक बदलानंतर अपडेट_पॅनल्स आणि शेवटी सगळे बदल स्क्रीनवर पाठवायला एकदाच डूअपडेट (स्क्रीन लुकलुकणंही थांबतं)

लिंक करताना पॅनलचा फ्लॅग एनकर्सेसच्या आधी द्या. मात्र पॅनल वापरूनही एक गोष्ट घात करते: साधं गेटसीएच कीबोर्डवरची की वाचण्याआधी एसटीडीएससीआर (पूर्ण स्क्रीनचा मूळ विंडो) बदललेला असेल तर तो आपोआप रिफ्रेश करतं, आणि पॉपअपवर मागचा मजकूर उमटतो. म्हणून की वाचायला पॉपअपच्याच विंडोवर डब्ल्यूगेटसीएच वापरा.