दशमांशाच्या आधी बहिणीचा वाटा

तुम्ही विचारलंय की वर्धा रोडकडची वडिलांची जमीन विकून मोठी रक्कम हाती आली, तुम्ही दोघं भाऊ, बहिणीने हक्कसोड करून दिलंय. तर ख्रिस्ती माणसाने दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग, देवाला दिला की उरलेलं आपलं, असं धरायचं का?

माझ्या मते नाही. आणि माझं मन अडतं ते दशमांशापाशी नाही, त्या हक्कसोडीपाशी.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात मोठी कोठारं बांधायला निघालेल्या धनवानाचा दाखला आहे. हंगामाच्या सणाला तो आपण ऐकतो, पण येशूने तो कशावरून सांगितला हे सुटून जातं. गर्दीतला एक जण म्हणाला होता, गुरुजी, माझ्या भावाला मला वतनाचा, म्हणजे वारशाचा, वाटा द्यायला सांगा. येशू त्या तंट्यात न्यायाधीश झाला नाही. लोभापासून सांभाळा, एवढं सगळ्यांना म्हणाला आणि मग हा दाखला दिला. म्हणजे तो वडिलांच्या मालमत्तेवरूनच निघालेला आहे.

कायदाही सांगतो. आपल्याला हिंदू वारसा कायदा लागत नाही, १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि उरलेलं मुलगा-मुलगी भेद न करता सारखं. तुमच्या वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल, तर बहिणीचा हिस्सा तुमच्याइतकाच होता. तिने सही दिली, कागद पक्का झाला. पण ती कशासाठी दिली? माहेर तुटू नये म्हणून दिली असेल, तर विचार करा.

आमच्या घरात हे झालंय. मोहननगरचं आजोबांचं घर विकलं तेव्हा आत्याने अशीच सही केली. त्या पैशातून वडिलांनी चर्चला चार बाकं दिली, आजोबांच्या नावाची पितळी पट्टी लावून. मनापासून दिली, त्यात देखावा नव्हता. आत्या दर रविवारी कामठीहून यायची, पदराने ती पट्टी पुसायची आणि त्याच बाकावर बसायची. तिच्या घराचे कवेलू फुटलेले. पावसाळ्यात खाटेशेजारी गंज, म्हणजे पातेलं, ठेवलेला असायचा, त्यात टपटप पाणी पडायचं. बाकं देताना आमच्यापैकी एकालाही तो गंज आठवला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

शेवटच्या आजारपणात वडिलांनी आम्हाला सांगितलं, तिचं तिला द्या. ते गेल्यावर आम्ही चेक घेऊन गेलो. आत्या काही बोलली नाही. आत जाऊन तो बायबलमध्ये ठेवून आली, आणि मग विचारलं, "दादाने सांगितलं होतं ना?" आम्ही हो म्हटलं. तेव्हा कुठे ती रडली.

मत्तयच्या तेविसाव्या अध्यायात पुदिना, शेप आणि जिऱ्याचासुद्धा दशमांश मोजून देणाऱ्यांना येशू न्याय आणि दयेची आठवण देतो. दशमांश सोडा असं तो म्हणत नाही, तोही द्यायचाच. पण दान वेगळं आणि देणं वेगळं. जक्कय या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट परत करतो, हे वेगळं सांगितलं. एकात दुसरं धरलं नाही. कामावरच्या माणसांची मजुरी थकली असेल तर तीही याच हिशेबात घ्या. बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकात ती सूर्य मावळायच्या आत द्यायला सांगितली आहे.

बाकीच्या पैशाचं फार ओझं घेऊ नका. घर बांधा, मुलांना शिकवा, देवाने उपभोगासाठीही दिलंय असं प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहितो. फक्त 'इतकं पेरा, शंभरपट मिळेल' असं सांगत कोणी दारात आलं तर त्याच्या हाती एक रुपयाही देऊ नका. देवाशी असा सौदा होत नसतो.

आणि बहिणीला फोनवर सांगू नका. भावाला सोबत घेऊन तिच्या घरी जा, तिच्या नवऱ्यासमोर आणि मुलांसमोर द्या. ती नको म्हणेल. दुसऱ्यांदा द्या.